‘सुनेले कुठं नेलं होतं वं?’ असं सासूने विचारलं तर काय सांगू?

पत्राचा गोषवारा (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत): पत्र लिहिणाऱ्या ताई यवतमाळ जिल्ह्यातल्या एका लहान गावात आशा म्हणून काम करतात. गावातली तिशीच्या आतली एक विधवा बाई दिवेलागणीला त्यांच्याकडे आली. काही वर्षांपूर्वी नवऱ्याने कर्जापायी जीव दिला. पदरात एक मुलगी, राहणं सासरीच, शेती सासरा पाहतो. दोन पाळ्या चुकल्या, किटवर दोन रेघा आल्या. ‘ताई, मले हे ठेवायचं नाही. कोनाले सांगू नोका,’ एवढंच ती बोलली. माणूस कोण, ते तिने सांगितलं नाही. ताई तिला तालुक्याच्या एका दवाखान्यात घेऊन गेल्या, तर तिथे ‘नवरा नसेल तर सासऱ्याची सही आणा’ असं ऐकून दोघी परत आल्या. त्यात त्या बाईची सासू ही ताईंची चुलत आत्या. ती दोनदा दारात येऊन विचारून गेली. ताईंचे प्रश्न असे: घरच्यांपासून लपवणं हा घराचा विश्वासघात नाही का? विधवेला कायद्याने गर्भपात करता येतो का? मुलाने मोबाइलवर वाचलं की अमेरिकेत कोर्टाने हा हक्क काढून घेतला, मग आपल्याकडेही तो गेला का? आणि उद्या काही बोभाटा झाला तर माझं काम जाईल का?

ताई, आधी दिवस मोजा. बाकीचं त्यानंतर.

शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून आठवडे धरतात, हे तुम्हाला मी सांगायला नको. दोन पाळ्या चुकल्या म्हणजे नऊ-दहा आठवडे झाले असतील. गोळ्यांनी होणारा गर्भपात डॉक्टरांच्या देखरेखीखाली ९ आठवड्यांपर्यंत करतात; ती मुदत बहुधा सरली आहे किंवा सरत आली आहे. त्यानंतर १२ आठवड्यांच्या आत हाताच्या पंपाने पिशवी रिकामी करण्याची साधी पद्धत आहे, त्याच दिवशी घरी येता येतं. १२ आठवड्यांनंतरही करता येतो, पण तेव्हा जास्त प्रशिक्षण घेतलेला डॉक्टर आणि मोठी सोय लागते, आणि तुमच्या भागात त्याचा अर्थ जिल्ह्याचं ठिकाण. ‘सही आणा’ म्हणून परत पाठवलेल्या बाईचे दिवस असेच जातात. म्हणून आत्याबाईंना काय सांगायचं याचा विचार करण्यापूर्वी हिला पुन्हा केव्हा न्यायचं ते ठरवा, आणि ते याच आठवड्यात ठरवा.

आता सहीबद्दल. १८ वर्षं पूर्ण झालेल्या आणि मानसिक आजार नसलेल्या बाईच्या गर्भपाताला फक्त तिची स्वतःची लेखी संमती लागते. नवऱ्याची नाही, सासऱ्याची नाही, बापाची नाही. वैद्यकीय गर्भपात कायदा १९७१ सालचा, १ एप्रिल १९७२ पासून लागू झालेला; त्यात पहिल्या दिवसापासून असंच लिहिलं आहे. मग दवाखान्यात सही कुठून आली? संमतीच्या छापील फॉर्मवर बाईच्या नावापुढे ‘मुलगी / पत्नी’ अशी रिकामी जागा असते. तिथे फक्त नाव भरायचं असतं. त्या जागेपाशी सही मागायची सवय कित्येक दवाखान्यांना लागली, कारण उद्या घरचे भांडायला आले तर कागद हाताशी असावा. भीती समजण्यासारखी आहे. पण त्या भीतीपायी बाईची अडवणूक करायला कायदा परवानगी देत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २९ सप्टेंबर २०२२ च्या निकालात डॉक्टरांना स्पष्ट बजावलं आहे की घरच्यांची संमती, जास्तीचे पुरावे, कोर्टाचा हुकूम अशा कायद्यात नसलेल्या अटी घालू नयेत. पुन्हा जाल तेव्हा हा निकाल तारखेसकट सांगा. शांतपणे सांगा, भांडू नका, पण तारीख जरूर सांगा. तारीख सांगणाऱ्या आशाशी लोक वेगळं बोलतात.

विधवेला चालतं का, या प्रश्नाचं उत्तर होय असं आहे. जुन्या कायद्यात गर्भनिरोधक साधन फसल्याचं कारण ‘विवाहित स्त्री किंवा तिचा नवरा’ यांच्यापुरतं होतं. २०२१ च्या दुरुस्तीने तिथे ‘कोणतीही स्त्री किंवा तिचा जोडीदार’ असं आलं. २० आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरचं मत पुरतं. साधन वापरलंच नसेल तरी दार बंद होत नाही. गर्भ राहिल्याने तिच्या मनाला गंभीर इजा होईल का, हे ठरवताना ती कोणत्या परिस्थितीत राहते हे डॉक्टरने पाहावं, असं त्याच कायद्यात आहे. सासरी राहणारी, पोटी मुलगी असलेली, शेती सासऱ्याच्या हातात असलेली विधवा, ही परिस्थिती कोणत्या डॉक्टरला समजावून सांगावी लागेल?

एक मात्र खरं सांगते. आपल्याकडे बाईने मागितलं आणि झालं असा कायदा नाही. मत डॉक्टरचंच लागतं. २० ते २४ आठवड्यांत दोन डॉक्टर लागतात आणि तेही ठरावीक कारणांसाठी. २०२२ च्या निकालाने त्या कारणांचं दार अविवाहित आणि एकट्या स्त्रियांनाही उघडलं. २४ च्या पुढे गर्भात मोठं व्यंग असल्याचं वैद्यकीय मंडळाने सांगितलं तरच होतं, किंवा बाईचा जीव वाचवायला. ऑक्टोबर २०२३ मध्ये एका विवाहित स्त्रीला २६ आठवड्यांच्या पुढे गेल्यामुळे सर्वोच्च न्यायालयाने परवानगी नाकारली. म्हणून मी सुरुवातीलाच दिवस मोजायला सांगितलं.

तुमच्या मुलाने वाचलं ते खोटं नाही. अमेरिकेत १९७३ सालच्या ‘रो विरुद्ध वेड’ खटल्यात तिथल्या कोर्टाने गर्भपाताचा हक्क खासगीपणाच्या हक्कावर उभा केला होता. २४ जून २०२२ रोजी त्याच कोर्टाने तो निकाल रद्द केला आणि निर्णय तिथल्या राज्यांवर सोडला. पण त्यांच्या कोर्टाचा हुकूम आपल्या तालुक्याला लागू नाही. आपल्याकडे आधी संसदेचा कायदा आहे आणि त्याला राज्यघटनेच्या २१ व्या कलमाचा आधार आहे. मूल होऊ द्यायचं की नाही हा बाईचा व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने २००९ सालीच सुचिता श्रीवास्तव खटल्यात म्हटलं. २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायमूर्तींनी एकमताने सांगितलं की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांनी आधारविरुद्ध केलेल्या याचिकेतून तो प्रश्न पुढे आला होता. राशनच्या दुकानात अंगठा लावताना जो वाद आपल्याला शहरातल्या शिकल्या लोकांचा वाटला, त्याच वादातून तुमच्या गावातल्या या बाईच्या पोटातल्या गोष्टीला संरक्षण मिळालं. अमेरिकेतल्या निकालानंतर तीन महिन्यांनी आपल्या न्यायालयाने जो निकाल दिला तो उलट्या दिशेचा होता.

खासगीपणा म्हटलं की लोकांना बंद दाराची खोली आठवते, आणि तुमच्या गावात तर सामाईक भिंतीपलीकडचा खोकलाही ऐकू येतो. तरी माझं म्हणणं असं की खासगीपणाची गरज खेड्यात जास्त आहे. नागपुरातल्या बाईने दवाखाना बदलला की तिला कोणी ओळखत नाही. तुमच्या गावातल्या बाईची गोष्ट एकदा पाणवठ्यावर पोचली की ती मुलीच्या लग्नापर्यंत तिच्या मागे लागते. आणि विदर्भाला याची जुनी ओळख आहे. १९७२ साली देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. पुढे सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही पोलिसांना सोडलं, त्यावर देशभर बायका रस्त्यावर उतरल्या, आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. बलात्कार झालेल्या स्त्रीची ओळख उघड करणं तेव्हापासून गुन्हा झाला. त्या मुलीचं नाव मात्र तोवर देशभर झालं होतं, म्हणून मी ते इथे लिहीत नाही.

तुमच्या मुख्य प्रश्नाकडे येते. तुम्ही लिहिलंय, ‘घरच्यांपासून लपवणं म्हणजे घराचा विश्वासघात.’ या वाक्यात एक गोष्ट तुम्ही गृहीत धरली आहे, की ही माहिती घराची आहे आणि तुम्ही ती दडवून ठेवली आहे. ताई, ही माहिती तुमच्याकडे कशी आली? ती बाई आपल्या पायांनी चालत आली आणि तुम्ही आशा आहात म्हणून बोलली. आत्याबाईंची भाची म्हणून ती तुमच्याशी बोलली नाही. विश्वास कोणी टाकला ते पाहिलं की तो कोणाचा मोडेल हे कळतं.

तुमच्या मनात दुसरी एक शंका मला ओळींमधून दिसली. ‘माणूस कोण ते सांगत नाही’ हे तुम्ही दोनदा लिहिलंय. तुम्हाला ते कळायची गरज नाही. कायद्यालाही नाही. फक्त एक प्रश्न एकांतात, घाई न करता विचारा: ‘हे तुझ्या मनाविरुद्ध झालं का?’ घरातल्याच कोणी केलेलं असू शकतं, आणि मग ‘सासऱ्याची सही आणा’ या वाक्याचा काय अर्थ होतो याचा विचार करा. ती होय म्हणाली तर १८१ हा महिला हेल्पलाइनचा क्रमांक आणि जिल्ह्याचं सखी वन स्टॉप सेंटर तिला सांगा. तक्रार करायची की नाही हे तिने ठरवायचं. सज्ञान बाईला गर्भपातासाठी आधी गुन्हा नोंदवून या, असं कोणी म्हणू शकत नाही, हेही २०२२ च्या निकालात आहे. ती नाही म्हणाली, तर विषय तिथेच संपला.

आणखी एक विचारा, कारण पत्रात त्याचं उत्तर एकाच वाक्यात आलंय. ‘ठेवायचं नाही’ हे तिचं मन आहे की तिची भीती? दोन्ही असेल तरी चालेल, भीतीपोटी घेतलेला निर्णयही तिचाच. पण तिला त्या माणसाशी पाट लावायचा असेल, मूल हवं असेल, तर तोही मार्ग आहे हे तिला कोणी सांगितलंय का? मूल जन्माला घालून दत्तक द्यायचं असेल तर बालकल्याण समितीपुढे ते कायद्याने सोपवता येतं, आणि विचार बदलायला दोन महिने मिळतात. त्यासाठी नऊ महिने गावात कसे काढायचे हा प्रश्न उरतोच, आणि माझ्या मते तिच्या जागी तो फार जड आहे. तरी मार्ग तिच्यासमोर ठेवा, निवड तिला करू द्या. तुम्ही तिच्या वतीने कोणतीच बाजू घेऊ नका, गर्भपाताचीसुद्धा नाही.

आत्याबाईंना काय सांगायचं? खोटं बोलू नका. ‘रक्त कमी होतं म्हणून नेलं’ म्हणाल, तर उद्या त्या लोहाच्या गोळ्या कुठे आहेत ते विचारतील. ‘आत्या, मी कोनाचंच कोनाले सांगत नाही. तुमचं बीपीही मी कोनाले सांगतलं नाही. सुनेले विचारा,’ एवढं बोला आणि उठून चहा ठेवा. मात्र हे वाक्य आजपासून सगळ्यांसाठी वापरा. हिच्याच बाबतीत गप्प बसलात तर ती गप्पच गावाला सगळं सांगेल. कोणाची गरोदरपणाची नोंद झाली, कोणाला टीबीची गोळी सुरू आहे, कोण तांबी बसवायला गेली, यातलं काहीच तुमच्या तोंडून निघत नाही असं गावाला कळलं की लोक विचारणं आपोआप कमी करतात.

कायद्यात गुपिताची कलमं आहेत, तीही सांगते. २०२१ मध्ये आलेल्या ५-अ कलमानुसार गर्भपात केलेल्या स्त्रीचं नाव किंवा तपशील नोंदणीकृत डॉक्टरने कायद्याने अधिकार असलेल्या व्यक्तीशिवाय कोणालाही सांगितलं तर एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. २००३ च्या नियमांनुसार संमतीपत्र आणि डॉक्टरचं मत पाकिटात बंद करून त्यावर ‘गोपनीय’ लिहून ठेवायचं असतं. भरतीचं रजिस्टर गोपनीय असतं. ऑपरेशन थिएटरच्या वहीत किंवा पुढच्या तपासणीच्या कार्डावर या बाईचं नाव न येता फक्त अनुक्रमांक आणि साल यावं लागतं. हे कलम थेट डॉक्टरवर आहे, त्यात आशाचं नाव नाही. पण तुमच्या तोंडून गोष्ट फुटली तर डॉक्टरने पाकीट कितीही बंद केलं तरी त्याचा काय उपयोग?

म्हणून काही साध्या गोष्टी. केसपेपरच्या खिडकीवर ‘काय होतं?’ असं मोठ्याने विचारतात, तिथे ‘बाईंच्या विभागात दाखवायचं आहे’ एवढंच म्हणा, बाकी आत डॉक्टरसमोर. सोनोग्राफीच्या कागदाचा फोटो तुमच्या मोबाइलवर ठेवू नका, आशांच्या गटावर तर मुळीच टाकू नका, कामाचा पुरावा म्हणून दवाखान्यासमोर तिच्याबरोबर फोटो काढू नका. चार जणींसमोर वही उघडून तिचं नाव लिहू नका. नोंद कशी करायची ते प्राथमिक आरोग्य केंद्राच्या मेडिकल ऑफिसरशी एकांतात बोलून ठरवा. तालुक्याच्या दवाखान्यात तुमच्या गावची नर्स किंवा शिपाई असेल तर जिल्ह्याला न्या. सरकारी रुग्णालयाला गर्भपातासाठी वेगळी मान्यता लागत नाही. खासगी दवाखान्याला लागते आणि तिचं प्रमाणपत्र दर्शनी जागी लावायचं असतं, ते आधी बघा. आठवडी बाजाराच्या दिवशी एसटी भरून जाते, कोण कुठे उतरलं ते कोणी पाहत नाही.

मेडिकलमधून कोणी गुपचूप गोळ्या आणून देतो म्हणाला तर घेऊ नका. दहा आठवड्यांवर, सोनोग्राफी न करता, गर्भ नळीत आहे की पिशवीत हे माहीत नसताना त्या गोळ्यांनी जीव जाऊ शकतो. गावठी औषध, काडी, सुईणीचा उपाय यांचं नावही नको. गर्भपातानंतर तासाला दोन-दोन पॅड भिजण्याइतका रक्तस्राव सलग दोन तास झाला, ताप उतरेना, पोटात असह्य दुखलं किंवा चक्कर येऊन पडली तर लाज बाजूला ठेवून १०८ बोलवा.

भिंतीवर रंगवलेलं ‘भ्रूणहत्या पाप आहे’ तुम्हाला अडवत असेल. तो प्रचार मुलगी नको म्हणून होणाऱ्या गर्भपाताविरुद्धचा, १९९४ च्या लिंगनिदानबंदी कायद्याचा. दोन्ही कायदे वेगळे आहेत. गर्भपातापूर्वीची सोनोग्राफी किती आठवडे झाले ते पाहण्यासाठी असते आणि तीत काही बेकायदा नाही. सुरक्षित गर्भपाताची माहिती देणं हे आशाच्या प्रशिक्षणातच आहे, त्यामुळे तुम्ही तिला नेलंत म्हणून तुमच्या कामावर गदा यायचं कारण नाही. तुमच्या स्वतःच्या श्रद्धेला हे पटत नसेल तर तोही तुमचा हक्क आहे. मग एएनएम सिस्टरकडे तिला सोपवा, पण उशीर करू नका आणि दार लावू नका.

सरकारी दवाखान्यात आणखी एक अडवणूक होते: ‘आधी ऑपरेशन करून घे, मग करतो.’ नसबंदी किंवा तांबी ही गर्भपाताची अट असू शकत नाही. तिला हवी असेल तर तांबी किंवा दर तीन महिन्यांनी घ्यायचं ‘अंतरा’ इंजेक्शन सरकारीत फुकट मिळतं.

शेतीचं शेवटी लिहिते, पण माझ्या मते तिची खरी भीती तिथेच आहे. सासूला कळलं तर घराबाहेर काढतील, जमीन जाईल, मुलगी ठेवून घेतील. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने विधवा ही नवऱ्याच्या वाट्याची पहिल्या वर्गातली वारस आहे, तिच्या मुलीबरोबर आणि सासूबरोबर. ती कशी वागली यावरून हा हिस्सा जात नाही, आणि मिळालेला हिस्सा दुसरं लग्न केलं तरी परत घेता येत नाही. ‘पाट लावला की जमीन सुटली’ हे आजही सांगतात, ते खरं नाही. आदिवासी समाजाला हा कायदा थेट लागू होत नाही, तिथे रूढी पाहावी लागते. सासऱ्याने स्वतः घेतलेली जमीन असेल तर तो जिवंत असेपर्यंत तिचा हक्क नसतो. वडिलोपार्जित असेल तर नवऱ्याच्या वाट्याचा प्रश्न येतो. यासाठी वकील लागेल आणि तो फुकट मिळेल. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे कोणत्याही स्त्रीला उत्पन्नाची अट न घालता मोफत वकील मिळतो, फोन १५१००. सातबारावर वारस नोंद झाली आहे का हे तलाठ्याकडे विचारायला तिला गर्भपाताबद्दल एक अक्षरही बोलावं लागत नाही. दोन्ही कामं वेगळ्या दिवशी, वेगळ्या माणसांसमोर करा.

आणि पुन्हा दवाखान्यात नकार आला तर नकाराचं कारण लिहून मागा, आणि तिथून थेट जिल्हा शल्यचिकित्सकांच्या कार्यालयात जा. लिहून मागितलं की बहुतेक ठिकाणी सहीचा आग्रह सुटतो. नाही सुटला, तर मला त्याच दिवशी कळवा, तिचं नाव न लिहिता.